दगडावर 'निजली' लिहिलंत तुम्ही

पप्पा, आई जेवत नाही. ताट पुढे ठेवलं की ती एक हात ताटाच्या कडेवर ठेवते, खांद्यावरची शाल सारखी करते आणि मला विचारते, "ती उठली का?" पहिल्या दिवशी मी विचारलं, कोण? तर तिने असं पाहिलं माझ्याकडे, जणू डोकं माझंच फिरलंय. "अगं, धाकटी. ती उठली की तिला भरवते, मग मी दोन घास खाते. तू घे जेवून." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत राहते. ऑकलंडमधलं माझं घर, मागे फिजोआचं झाड, खाली गवतात पडलेली हिरवी फळं, ज्यांना ती अजून पेरूच म्हणते, आणि आई मात्र मिशन कंपाउंडमधल्या आपल्या दोन खोल्यांत बसलेली. ती चौऱ्याऐंशीची झाली. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि धाकटीला अठ्ठेचाळीस. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात. मी तुम्हाला जबाबदार धरते. डॉक्टरांना हे सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल, किंवा तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्हाला आता काहीच आठवत नसेल. धाकटी चार वर्षांची, मी नऊ. तीन दिवस ताप, मग तो मेंदूत गेला म्हणाले, आणि चौथ्या दिवशी तिला कबरस्तानात ठेवून आपण घरी आलो. दुसऱ्या दिवशीची सकाळ. आई स्टोव्हला पिन मारते आहे. तिला कुणी चहा करायला सांगितलेला नाही, पण हाताला काहीतरी हवं म्हणून ती करते आहे. तुम्ही दारात उभे आहात, अंगात शाळेत जायचा शर्ट, कारण पाळकांच्या विद्यालयात तुमचा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासाचा तास होता आणि तास तुम्ही कधी चुकवला नाहीत. आई वर न बघता विचारते, "अहो, आत्ता या घटकेला ती कुठे असेल?" आणि तुम्ही विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगता, "ती निजली आहे. शेवटल्या दिवशी प्रभू सगळ्यांना उठवील, तेव्हा ती उठेल." आई म्हणते, "तोवर?" तुम्ही म्हणता, "तोवर निजलेलीच." मग आईने विचारलं, "एकटी?" तुम्ही चष्मा काढून पुसलात. मी कणगीपाशी बसले होते आणि मला तुमचा चष्मा अजिबात खराब दिसत नव्हता.

नंतर दगडावरून झालं. आईला दगडावर 'देवाघरी गेली' हवं होतं. आळीतल्या सगळ्या बाया तेच म्हणत होत्या, आपल्या मंडळीतल्याही आणि शेजारच्या हिंदू घरांतल्याही, आणि तिला त्या दोन शब्दांनी बरं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, ती बोलण्याची रीत आहे, शिकवण नाही. घरात काय हवं ते बोला, पण दगड पुसता येत नाही. पाथरवटाला तुम्ही स्वतः कागदावर लिहून दिलंत, 'प्रभूमध्ये निजली', ऱ्हस्व-दीर्घ तपासून. त्यानंतर आपण कबरस्तानात जायचो तेव्हा आई दगडाच्या मागच्या बाजूला बसायची, जिथून अक्षरं दिसत नाहीत, आणि फुलं तिथेच ठेवायची. तुम्हाला वाटायचं, तिकडे सावली असते म्हणून.

आणि माझं स्वप्न. ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. महिनाभराने एका सकाळी मी आईला सांगितलं की रात्री मला धाकटी दिसली, मिशनच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या बागेत, जिथे आम्हाला जायची बंदी होती, आणि ती हसत होती आणि तिच्या फ्रॉकच्या ओच्यात बोरं होती. आईने मला चारदा सांगायला लावलं. फ्रॉक कुठला होता, केस विंचरलेले होते का. त्या आठवड्यात ती जेवली, पप्पा. पोळ्या लाटताना गुणगुणली. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही मला तुमच्या टेबलापाशी बोलावलंत. मारलं नाहीत, कधीच मारलं नाहीत, त्यापेक्षा ते बरं झालं असतं. तुम्ही विचारलंत, "खरं पाहिलंस की रचलंस?" आणि म्हणालात, "मेलेल्या माणसाविषयी खोटं बोलणं हे सगळ्यात वाईट खोटं, कारण ते माणूस येऊन 'नाही' म्हणू शकत नाही." मग मी म्हटलं, रचलं. तुम्ही मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलंत आणि आईसमोर उभं केलंत. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि परातीतलं पीठ मळत राहिली, खूप वेळ, पिठाला गरज नव्हती तरी. संध्याकाळी तुम्ही माझ्या उशीशी एक पेरू ठेवलात, मीठ-तिखट लावून, कागदात. मी तो खाल्ला नाही. खरं सांगायचं तर मी ते स्वप्न पाहिलं होतं की रचलं होतं, हे मला आज आठवत नाही. तेव्हाही नीट ठाऊक नसावं. तुमचा चेहरा बघून जे उत्तर तुम्हाला हवं आहे असं वाटलं, ते मी दिलं.

तुमच्या पाच लांब वह्या तुम्ही गेल्यावर मीच इकडे आणल्या. आई म्हणाली होती, रद्दीत देऊ नकोस, त्यांचा जीव होता त्यात. इतकी वर्षं त्या गराजमध्ये, मुलीच्या जुन्या शाळेच्या खोक्यांखाली पडून होत्या. वर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'स्वर्गाच्या कल्पनेचा इतिहास, प्राचीन व मध्ययुग'. या शरदात मी त्या उघडल्या. इथे पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, पानगळीत येतो, हे तुम्हाला मुळीच पटलं नसतं. उपासनेला जाताना पायाखाली पानं कुरकुरतात आणि पाळकसाहेब, चांगला तरुण मुलगा आहे, जँडल्स, इथल्या रबरी चपला, घालून वेदीपाशी उभे राहून नव्या जीवनाबद्दल बोलतात. त्यांना मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, तुमची बहीण आता जास्त चांगल्या ठिकाणी आहे, तसंच सांगा ना. किती सोपं. मी घरी आले आणि गराजमध्ये खोकी हलवायला लागले. मला तुमच्याच तोंडून काहीतरी हवं होतं. मी ईस्ट टामाकीत एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लेबलं तपासते, बावीस वर्षं. डब्यात जे नाही ते लेबलवर चालत नाही, आणि जे आहे ते लपवता येत नाही. माझ्या हाताखालच्या पोरी माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तुमचीच मुलगी आहे मी, इलाज नाही.

रोज संध्याकाळी आईच्या खुर्चीशेजारी बसून मी वाचत गेले. पहिल्या वहीत तुम्ही लिहिता की फार जुन्या हिब्रू लोकांकडे माणसासाठी स्वर्ग नव्हताच. आकाश देवाचं, जमीन माणसाची, आणि मेलेले सगळे, बरे-वाईट, खाली एकाच अंधाऱ्या मुक्या जागी. मग परक्या राजांनी धर्मावरून माणसं मारली, पोरं आईदेखत मारली, तेव्हा प्रश्न उठला की यांना न्याय कधी मिळायचा, आणि त्यातून मेलेले उठतील ही आशा जोर धरू लागली. हे वाचून मी वही मिटली. म्हणजे या सगळ्याची सुरुवात कुणा पंडिताने केली नसणार, स्वयंपाकघरातच कुणीतरी केली असणार. पुढे तुम्ही लिहिता, पहिले ख्रिस्ती वर जायची वाट बघत नव्हते. ते खाली येण्याची वाट बघत होते. नवं नगर आकाशातून उतरणार, मेलेले मातीतून उठणार, आणि याच जमिनीवर एकेका वेलीला न मोजता येण्याएवढी द्राक्षं लागणार. समासात तुमची टीप आहे: 'उपाशी लोकांचा स्वर्ग.' रोममध्ये जमिनीखालच्या भुयारांत त्यांनी कबरींच्या भिंतींवर बागा रंगवल्या, पाणी, पाखरं, जेवायला बसलेली माणसं. देव तुला थंडावा देवो, असं ते मेलेल्याला उद्देशून लिहीत, आणि नातलग कबरीपाशी बसून जेवत. हे तुम्हाला ठाऊक होतं, पप्पा. दगडावर थंडावा लिहिता आला असता.

दुसऱ्या वहीत कार्थेजची ती बाई आली. अंगावर पिणारं पोर असलेली, धर्म सोडत नाही म्हणून तुरुंगात टाकलेली. तिला स्वप्नात तिचा लहान भाऊ दिसतो, सातव्या वर्षी तोंडावरच्या व्याधीने गेलेला. अंधारात, मळका, तहानलेला, आणि पाण्याचं कुंड त्याच्या हाताला लागत नाही एवढं उंच. ती रात्रंदिवस प्रार्थना करते. मग पुन्हा दिसतो, स्वच्छ, बरा झालेला, आणि कुंडाचा काठ त्याच्या कमरेपर्यंत खाली आलेला. पोटभर पाणी पितो आणि लहान मुलांसारखा खेळायला पळतो. यावर तुम्ही अकरा पानं लिहिली आहेत. मेलेल्यांसाठी प्रार्थना, शुद्ध होण्याची मधली जागा, पुढे हजार वर्षं काय काय त्या कुंडातून निघालं, सगळं. कुठेही तुम्ही तिला विचारत नाही की बाई, खरं पाहिलंस की रचलंस. मी ती अकरा पानं दोनदा वाचली आणि मग उठून भांडी घासली, जोरात, कारण मला एवढा राग कुणाचा आला नव्हता कधी.

तरी वाचत राहिले. उत्तर आफ्रिकेतला तो बिशप, जो तरुणपणी म्हणायचा की तिथे फक्त देव बघायचा, दुसऱ्या कशाची गरज नाही, आणि नंतर एका विधवेला धीर देताना म्हणू लागला की आपली माणसं तिथे आपल्याला ओळखू येतील. मठातल्या साधूंचा स्वर्ग म्हणजे बाग. मग युरोपात शहरं वाढली तसा स्वर्गही शहर झाला, तट, दरवाजे, रस्ते. मग विद्यापीठातले पंडित आले आणि त्यांनी स्फटिकासारखी आकाशं एकावर एक चढवली आणि सगळ्यात वर नुसता प्रकाश ठेवला. झाडं नाहीत, जनावरं नाहीत. सोबतीला आपली माणसं असली तर चांगलंच, पण नसली तरी सुखात उणेपणा नाही, असं त्यांच्यातल्या सगळ्यात हुशार माणसाने लिहून ठेवलं. त्याला मूल नव्हतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी लिहिते आहे. आणि शेवटच्या वहीत तो नव्वदीच्या घरातला पोप. तो प्रवचनात म्हणाला की मेलेल्या भल्या माणसांना अजून देव समोरासमोर दिसत नाही, न्यायाच्या दिवसापर्यंत ती थांबून आहेत. केवढा गदारोळ झाला. पॅरिसचे पंडित उठले, राजा चिडला, आणि म्हाताऱ्याने मरणाच्या खाटेवर आपलं म्हणणं मागे घेतलं. पुढच्या पोपने फर्मानच काढलं: थांबणं नाही, ज्यांचे हिशेब मिटलेत त्यांना देव आत्ताच, या घटकेला दिसतो. म्हणजे त्या फर्मानापासून अर्ध्या ख्रिस्ती जगात धाकटी जागी आहे. आणि आपल्या पंथातही निजण्यावर कधी एकमत नव्हतं, हेही तुम्हीच लिहिलंय, स्वच्छ अक्षरात.

तुम्हाला इतकी उत्तरं माहीत होती. बाग माहीत होती, थंडावा, कुंड, प्रकाश, सगळं. आईने एका सकाळी स्टोव्हपाशी विचारलं तेव्हा तुम्ही तिला त्यातलं सगळ्यात कोरडं काढून दिलंत, कारण तुमच्या मते तेच सगळ्यात जुनं आणि म्हणून सगळ्यात खरं होतं. चौथ्या वहीत एक वाक्य सापडलं, दुसऱ्याच विषयाच्या मधोमध: 'निजलेल्याला वेळ कळत नाही, त्याच्या लेखी डोळा मिटणे व उघडणे यांत अंतर नाही, म्हणून एकटेपणाही नाही.' शाई निराळी आहे. केव्हा लिहिलंत, कळत नाही. हे तर तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. तिने विचारलं होतं, एकटी? तुम्हाला ते सापडलं, आणि तुम्ही ते वहीत ठेवलंत. स्वयंपाकघर तुमच्या टेबलापासून आठ पावलांवर होतं.

गेल्या आठवड्यात नर्सबाई आल्या. नागपूरच्या आहेत, बौद्ध, दारातून 'किया ओरा, आजी' असा माओरी नमस्कार करत येतात आणि आत आल्यावर मराठीत सुरू होतात. आईचं वजन केलं आणि मला बाजूला घेतलं. "ताई, पाच किलो उतरल्यात. असंच चाललं तर नळी घालायची वेळ येईल, आणि या वयात ते करू नये असं मला वाटतं." मी त्यांना ती काय विचारते ते सांगितलं. "मग सांगा ना, उठली म्हणून." मी म्हटलं, खोटं कसं सांगू? त्या बॅग आवरत म्हणाल्या, "आमच्यात तर स्वर्गच नाही, ताई. पण भूक आहे ना त्यांना." माझी मुलगी तिथेच सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश. ती मान वर न करता म्हणाली, "मम, इट्स नॉट लाइंग. इट्स लंच." मी तिला गप्प बस म्हटलं. माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला.

मग रविवार. उपासनेहून येताना सँडरिंगहॅमला भारतीय दुकानात थांबून मेतकूट घेतलं. घरी मऊ भात केला, वर तूप, मेतकूट, बाजूला लिंबाची फोड. ताट ठेवलं. आईच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. तिने ताटाच्या कडेवर हात ठेवला आणि विचारलं, "ती उठली का?" आणि मी म्हटलं, "उठली."

काही झालं नाही. घर कोसळलं नाही. आई म्हणाली, "रडली?" मी म्हटलं, नाही, हसतच उठली. "तोंड धुतलंस तिचं?" हो. "मग आण ना इकडे." मी म्हटलं, दूध पिऊन अंगणात उन्हात बसली आहे, तू जेव, मी बघते तिच्याकडे. आईने अंगणाकडे पाहिलं. नीट पाहिलं, एखाद्या ओळखीच्या जागी पाहावं तसं, आणि मग भात कालवायला घेतला. लिंबू पिळलं. सगळा भात खाल्ला, पप्पा, आणि बोटाने ताट पुसलं. मी समोर बसून रडत होते आणि ती मला म्हणाली, मेतकुटाने ठसका लागला का, पाणी पी.

इथपर्यंतच लिहायचं होतं. तुम्हाला सांगायचं होतं की मी खोटं बोलले आणि ती जेवली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ते मांडून हे पत्र तुमच्याच पाचव्या वहीत घालून खोकं बंद करणार होते. पाठवायचा प्रश्न नव्हताच. पण ताट उचलताना तिने आणखी एक विचारलं, आणि ते लिहिल्याशिवाय हे खरं होणार नाही. ती म्हणाली, "आणि तुझे पप्पा? ते उठले का?"

मला म्हणता आलं असतं. एक उठवली होती, दुसरा उठवायला काय लागत होतं. मी म्हटलं, "नाही. ते निजलेत अजून." शास्त्राला धरून नव्हे, पप्पा. सूड म्हणून म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं. आईने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "निजू दे मग. फार दमलेत ते त्या दिवसापासून. तू भांडी हळू घास."